वलंदेजांची सचित्र पुस्तकं: चित्रातलं खरं कुणी पाहिलं होतं?

जुन्या गोव्याच्या बाजाराचं एक चित्र तुम्ही कुठे ना कुठे पाहिलं असेल. रुंद रस्ता, दोन्ही बाजूंना घरं, डोक्यावर छत्री धरवून ऐटीत चाललेले पोर्तुगीज, पालखी, घोडे आणि विक्रीला उभी केलेली माणसं. गोव्याच्या इतिहासावरच्या पुस्तकांत ते असतं, हॉटेलांच्या भिंतींवर असतं, आणि खाली बहुधा एवढंच लिहिलेलं असतं: 'सोळाव्या शतकातला गोवा'. चित्र गोव्याचं आहे हे खरं. पण ते छापलं गेलं ॲमस्टरडॅमला, 1596 साली. तांब्याच्या पत्र्यावर ते कोरणाऱ्या डूटेकम घराण्यातल्या कारागिरांनी ना मांडवी पाहिली होती ना माड.

आशियाबद्दलच्या जुन्या डच, म्हणजे आपल्या जुन्या भाषेत वलंदेज, पुस्तकांचं सगळं कोडं यातच आहे. दीड-पावणेदोनशे वर्षं ॲमस्टरडॅम, लायडन, डॉर्ड्रेख्त या शहरांतून अशी जाडजूड, चित्रांनी भरलेली पुस्तकं निघत राहिली. आपल्याकडच्या सतराव्या शतकाची जी चित्रं आज डोळ्यासमोर येतात, त्यातली बरीच तिथून आलेली. ती वाचायची कशी, म्हणजे कोणत्या चित्रावर किती भरवसा ठेवायचा, हे समजायला एक साधा प्रश्न पुरतो. पाहिलं कुणी, रेखाटलं कुणी, कोरलं कुणी आणि विकलं कुणी? ही चार कामं एकाच माणसाने केली, असं जवळजवळ कधीच घडत नसे.

गोव्याच्या चित्रापुरतं पाहणारा कोण, हे पक्कं माहीत आहे. यान हायगेन व्हान लिन्सखोटेन हा डच तरुण 1583 मध्ये गोव्याच्या आर्चबिशपच्या पदरी कारकून म्हणून आला आणि पाचेक वर्षं राहिला. त्या काळी आशियाचा सागरी व्यापार पोर्तुगीजांच्या मुठीत होता. 1580 पासून पोर्तुगालची गादी स्पेनच्या राजाकडे गेलेली, आणि डच प्रांत त्याच राजाविरुद्ध बंड करून उठलेले. त्यामुळे लिस्बनच्या बाजारात मिरी-मसाले विकत घेऊन उत्तर युरोपात विकायचा डचांचा जुना धंदा अडचणीत आला होता. माल हवा तर थेट आशियात जायचं, पण वाट ठाऊक नाही. लिन्सखोटेनने आर्चबिशपच्या नोकरीत राहून नेमकं तेच गोळा केलं: सुकाणू धरणाऱ्या पोर्तुगीजांच्या वह्यांतले जलमार्ग, वाऱ्यांची वेळापत्रकं, कुठे खडक आहे, कुठे गोडं पाणी मिळतं. 1592 मध्ये तो मायदेशी पोहोचला. जलमार्गांचा भाग 1595 मध्ये, मुख्य ग्रंथाच्या आधीच, घाईने छापून झाला, कारण त्याच वर्षी पहिली डच जहाजं निघायची होती. मलाक्काला पोर्तुगीज बसलेत, तेव्हा सुमात्राच्या दक्षिणेकडून सुंदाच्या सामुद्रधुनीतून जा, हा सल्ला त्यातलाच. ती चार जहाजं जावाला पोहोचली. सुमारे अडीचशे माणसांपैकी शंभरही परत आली नाहीत, तरी मार्ग सापडला होता. 1602 मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनी उभी राहिली. तिचीच माणसं पुढे 1637 मध्ये वेंगुर्ल्यात वखार घालून बसली, आणि तिथून गोव्याच्या नाकेबंदीवर असलेल्या डच जहाजांना रसद मिळू लागली. त्या वखारीची पडकी इमारत वेंगुर्ल्यात आजही आहे.

आता लिन्सखोटेनच्या 1596 च्या मुख्य ग्रंथातली चित्रं. लिन्सखोटेनचा हात चित्रकलेत बरा होता आणि गोव्यातली चित्रं त्याच्या रेखाटनांवरून झाली. ब्राह्मण, वाणी, आसपासच्या गावांतले शेतकरी, नावा, पालख्या, सती, देऊळ हे सगळं त्यात आहे. कपडे, छत्र्या, नावांचे आकार यांवर बऱ्यापैकी विश्वास टाकता येतो. शरीरं मात्र पाहा. गोव्याचा शेतकरी ग्रीक पुतळ्यासारखा पीळदार उभा आहे, कारण कोरणाऱ्या कारागिराला माणूस काढायला तसाच शिकवला होता. आणि खरी मेख पुढे आहे. याच पुस्तकात चीन आणि जावाची माणसंही आहेत. लिन्सखोटेन तिथे कधी गेलाच नव्हता, ते सगळं गोव्यात ऐकलेलं. पण कोरीव काम तेच, ठसठशीतपणा तोच. डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं कागदावर अगदी सारखं दिसतं. त्यात मजकुराला वजन यावं म्हणून एन्खहाउझन गावच्या पालुडानस नावाच्या विद्वान डॉक्टराच्या टिपाही घातल्या गेल्या, त्या तर पुस्तकं वाचून लिहिलेल्या.

असं का होतं ते छपाईत दडलेलं आहे, म्हणून थोडं तिकडे वळू. मजकूर छापायचा खिळे जुळवून, म्हणजे वर आलेल्या अक्षराला शाई लावून. चित्राचं उलटं. गुळगुळीत तांब्याच्या पत्र्यावर कोरणीने खाचा पाडायच्या, किंवा मेणाचा थर देऊन त्यात रेघा ओढून आम्लाने त्या खाऊ द्यायच्या. मग शाई खाचांत भरायची, वरचा पत्रा स्वच्छ पुसायचा, ओलसर कागद ठेवायचा आणि दोन रुळांमधून जबर दाबाने काढायचा. कागद खाचेतली शाई उचलतो. यंत्रं वेगळी, कारागीर वेगळे, कित्येकदा कारखानाही वेगळा. चित्रांची पानं स्वतंत्र छापून नंतर पुस्तकात घातली जात. पुस्तक बहुधा सुटं विकलं जाई, गिऱ्हाईक आपल्या बाइंडरकडून बांधून घेई. त्यामुळे एकाच आवृत्तीच्या दोन प्रतींत चित्रांची जागा वेगळी असते, कधी संख्याही.

पत्रा महागाचा आणि कोरणं त्याहून महाग, महिनोन्‌महिन्यांचं काम. तेव्हा प्रकाशकाची खरी पुंजी म्हणजे हे पत्रे. ते वारसाहक्काने जात, लिलावात विकले जात, झिजले की रेघा पुन्हा खोल करून घेतल्या जात. लायडनच्या पीटर व्हान डर आ याने तर असे जुने पत्रे गोळा करूनच 1729 मध्ये 66 भागांचा, सुमारे 3000 चित्रांचा प्रचंड संग्रह काढला. म्हणजे 1729 ची तारीख असलेल्या चित्रातलं दृश्य कधीकधी त्याच्या साठ-सत्तर वर्षं आधीचं. ज्यांच्याकडे पत्रे नसत ते सरळ नक्कल करत. छापील चित्र समोर ठेवून जसंच्या तसं पत्र्यावर कोरलं की छापताना डावं-उजवं उलटतं. एकच दृश्य दोन पुस्तकांत आरशातल्यासारखं उलटं दिसलं, तर त्यातलं एक नक्कल आहे हे समजावं. फ्रँकफर्टच्या डी ब्री घराण्याने लिन्सखोटेनची चित्रं अशीच पुन्हा कोरून जर्मन आणि लॅटिन वाचकांना विकली.

या धंद्यातला सर्वांत हुशार माणूस मला याकोब व्हान म्यूर्स वाटतो. हा ॲमस्टरडॅमचा कोरणारा कारागीर, पुढे प्रकाशक झाला. दूरदेशांची मोठी, देखणी, चित्रांनी गच्च भरलेली पुस्तकं ही त्याची खासियत. त्याचा भरवशाचा लेखक ओल्फर्ट डॅपर. डॅपरने आफ्रिकेवर लिहिलं, चीनवर लिहिलं, 1672 मध्ये मोगल साम्राज्य आणि इराणवर लिहिलं, आणि नेदरलँड्सच्या बाहेर पाऊल टाकल्याचा काही पुरावा नाही. त्याला खोटारडा म्हणणं सोपं आहे, पण अन्याय होईल. तो इतरांच्या प्रवासवर्णनांतून, पत्रांतून, अहवालांतून माहिती काढून नीट लावायचा. आज आपण ज्याला संकलन म्हणतो ते. अडचण चित्रांची. मजकूर 'अमुक असं सांगतो' म्हणून मोकळा होतो, चित्राला तसं म्हणता येत नाही. चित्रात झाड काढायचं तर कोणतं तरी झाड काढावंच लागतं.

व्हान म्यूर्सच्या कारखान्यात नेमकं काय होई हे एका योगायोगाने कळलं. योहान न्यूहॉफ हा कंपनीचा नोकर 1655 ते 1657 या काळात कँटनहून पेकिंगला गेलेल्या डच वकिलातीबरोबर होता, आणि वाटेत दिसेल ते रेखाटून ठेवायचं कामच त्याच्यावर सोपवलेलं होतं. वकिलातीच्या हाती फारसं लागलं नाही. चिनी बादशहाने आठ वर्षांतून एकदा या, असं सांगून वाटेला लावलं. पण 1665 मध्ये व्हान म्यूर्सने छापलेलं न्यूहॉफचं पुस्तक युरोपभर गाजलं. सुमारे दीडशे चित्रं, बघता बघता फ्रेंच, जर्मन, लॅटिन, इंग्रजी आवृत्त्या. चीन कसा दिसतो याची युरोपची कल्पना पुढची शंभर वर्षं याच पुस्तकावर पोसली गेली. सगळी चित्रं 'प्रत्यक्ष पाहून काढलेली' ही त्याची जाहिरात. मग 1980 च्या दशकात पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात न्यूहॉफचं हस्तलिखित आणि त्याची स्वतःची रेखाटनं सापडली. शेजारी शेजारी ठेवल्यावर फरक उघड झाला. न्यूहॉफची चित्रं साधी आहेत: नदी, तट, थोडी घरं. छापील चित्रात पुढे ताडमाड उगवलेत, माणसं जमलीत, काही जागी रिकामं दिसणारं भरून काढलंय. शहर न्यूहॉफचं, सजावट व्हान म्यूर्सची. गिऱ्हाइकाला भरलेलं चित्र हवं होतं, त्याने ते दिलं.

आपल्याला जास्त जवळचं उदाहरण म्हणजे दशावतार. 1672 मध्ये दोन पुस्तकं आली, एक डॅपरचं आणि दुसरं फिलिपस बाल्डेयस या पाद्र्याचं. बाल्डेयस श्रीलंकेत जाफन्याला राहिलेला, मलबार, कोरोमांडल आणि सिलोनवर त्याने लिहिलं, आणि शेवटी 'मूर्तिपूजकांच्या' धर्मावर एक मोठा भाग जोडला. दोन्ही पुस्तकांत विष्णूचे अवतार आहेत. मत्स्यावतार पाहिला तर माशाच्या तोंडातून वर आलेला चतुर्भुज विष्णू लगेच ओळखू येतो. कुणा युरोपीय कारागिराने ऐकीव माहितीवर तो काढला असता, तर शिंगं आणि शेपट्या दिसल्या असत्या, कारण त्याआधीच्या युरोपीय पुस्तकांत आपले देव असेच सैतानासारखे काढलेले आहेत. इथे तसं नाही, कारण समोर नमुना म्हणून भारतीय चित्रकाराची चित्रं होती. फिलिप्स एंजेल नावाच्या कंपनीच्या एका नोकराने दशावतारांवर सचित्र हस्तलिखित तयार केलं होतं, ते बाल्डेयसने वापरलं. मजकुराचा मोठा भाग तर याकोबो फेनिचियो या जेझुइटाच्या लिखाणातून, नाव न घेता, उचललेला, हे विसाव्या शतकात सिद्ध झालं. म्हणजे कॅथलिक पाद्र्याचा मजकूर, भारतीय चित्रकाराचे देव, डच कोरीव काम आणि वर प्रोटेस्टंट पाद्र्याचं नाव. तरी गंमत अशी की या चोरीच्या मालातले देव अस्सल आहेत.

पाद्र्यांच्या पुस्तकांबद्दल आणखी एक गोष्ट, चित्रांची नसली तरी सांगण्याजोगी. अब्राहम रोगेरियस हा डच पाद्री मद्रासजवळच्या पुलिकतला असताना पद्मनाभ नावाच्या ब्राह्मणाकडून हिंदू धर्म समजून घेत होता. 1651 मध्ये त्याचं पुस्तक आलं तेव्हा त्यात भर्तृहरीच्या नीती आणि वैराग्य शतकांचं डच भाषांतर होतं. युरोपीय भाषेत छापलं गेलेलं हे पहिलं संस्कृत काव्य. आपल्याकडे वामन पंडितांनी भर्तृहरी मराठीत आणला तोही याच शतकात.

आणि आता शिवाजी महाराजांचं चित्र. फ्रान्स्वा व्हॅलेंटाइनचा प्रचंड ग्रंथ 1724 ते 1726 मध्ये डॉर्ड्रेख्त आणि ॲमस्टरडॅमहून निघाला. पाच भाग, आठ खंड, हजाराच्या वर चित्रं आणि नकाशे. मोगल बादशहांच्या इतिहासाच्या भागात महाराजांचं एक कोरीव चित्र आहे. त्यावरून आपल्याकडे एक कथा फिरत असते की व्हॅलेंटाइन हा सुरतेचा डच गव्हर्नर होता आणि त्याने महाराजांना समोर बसवून चित्र काढून घेतलं. हा ग्रंथ लिहिणारा व्हॅलेंटाइन पाद्री होता, 1666 चा जन्म. नोकरी केली ती अंबोन आणि जावा बेटांवर. महाराज 1680 मध्ये गेले तेव्हा हा चौदा वर्षांचा मुलगा नेदरलँड्समध्ये होता.

मग चित्र खोटं का? नाही, आणि इथेच तो चार हातांचा प्रश्न उपयोगी पडतो. 1680 च्या दशकात गोवळकोंड्याचे चित्रकार दख्खनच्या आणि मोगल दरबारातल्या थोरांच्या तसबिरी संचाने तयार करत आणि युरोपीय व्यापारी त्या विकत घेत. ॲमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सन याच्याकडे असा एक संच होता. तो आज तिथल्या राइक्सम्युझियममध्ये आहे आणि त्यातही महाराज आहेत. व्हॅलेंटाइनच्या ग्रंथातलं चित्र याच परंपरेतलं आहे. म्हणजे मूळ दख्खनी, आणि महाराजांच्या काळाला लागून असलेलं. कोरीव काम डच, चाळीस-पन्नास वर्षांनंतरचं. नाक, दाढी, पागोटं ही दख्खनी चित्रकाराच्या परंपरेतून आली असणार. चेहऱ्यावरच्या छाया आणि कपड्यांच्या चुण्या ॲमस्टरडॅमच्या. दोन्ही संच शेजारी ठेवून पाहिले की हे समजतं, आणि गव्हर्नरच्या कथेपेक्षा मला तरी हे जास्त रोचक वाटतं.

या सगळ्या ग्रंथांत मी एकच निवडायचं म्हटलं तर 'होर्टस मलबारिकस' निवडेन. 1678 ते 1693 या काळात ॲमस्टरडॅमला निघालेले बारा खंड, मलबारच्या सातशेहून जास्त वनस्पती, आणि जवळजवळ आठशे चित्रं, बहुतेक पानभर पसरलेली. कोचीचा डच गव्हर्नर हेंड्रिक व्हान रेडे याने हे करवून घेतलं. कारण शास्त्रप्रेम होतं, तसंच हिशेबीही होतं. कंपनी आपल्या माणसांसाठी युरोपातून औषधं मागवी, ती वाटेत नासत. शिवाय कंपनीतल्या काहींना कोलंबोला महत्त्व द्यायचं होतं आणि व्हान रेडेला मलबार किती मोलाचा आहे हे दाखवायचं होतं.

इथे पाहणारे आणि सांगणारे कोण, हे ग्रंथातच छापलं आहे, आणि बाकीच्यांपेक्षा हा ग्रंथ वेगळा ठरतो तो त्यामुळे. इट्टी अच्युतन हे एळवा समाजातले वैद्य, त्यांनी आपल्या घराण्याच्या पोथीतलं ज्ञान सांगितलं. त्यांच्या जोडीला तीन कोंकणी ब्राह्मण वैद्य: रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट. पोर्तुगीजांच्या जाचाला कंटाळून गोव्यातून कोचीला गेलेला जो कोंकणी समाज, त्यातले हे. या तिघांचं एप्रिल 1675 चं प्रमाणपत्र पहिल्या खंडात कोंकणी भाषेत, नागरी लिपीत छापलं आहे. पुस्तकात छापलेल्या नागरीच्या अगदी आरंभीच्या नमुन्यांपैकी हा एक. खिळे नव्हतेच, म्हणून हस्ताक्षरच तांब्यावर कोरलं. चित्रांवर झाडाचं नाव रोमन, मल्याळी, अरबी आणि नागरी अशा लिप्यांत येतं. पहिलंच चित्र माडाचं. पुढच्या झाडांचं बहुधा फांदी, फूल, फळ, फळाचा छेद, सगळं एकाच पानावर. माहितीचा प्रवास मात्र लांबचा: मल्याळममधून पोर्तुगीज, त्यातून डच, त्यातून लॅटिन. तरी वनस्पतींच्या शास्त्रीय नावांची पद्धत घालून देणाऱ्या लिनीयसने पुढे ज्या मोजक्या ग्रंथांवर भरवसा ठेवला त्यात हा होता, आणि आजही कित्येक वनस्पतींच्या शास्त्रीय नावाला आधार म्हणून याच चित्रांकडे बोट दाखवतात. व्हान रेडे 1691 च्या डिसेंबरमध्ये सुरतेला जाताना मुंबईजवळ जहाजावर वारला. सुरतेच्या डच दफनभूमीतली त्याची घुमटाची कबर एखाद्या सरदाराच्या मकबऱ्यासारखी आहे.

व्हान रेडेला कंपनीने छापू दिलं, सगळ्यांना दिलं नाही. अंबोन बेटावर कंपनीच्या नोकरीत राहून वनस्पतींचा अभ्यास करणारा रुम्फियस 1670 मध्ये आंधळा झाला. 1674 च्या भूकंपात त्याची बायको आणि मुलगी गेली, 1687 च्या आगीत चित्रं जळाली, आणि पुन्हा तयार केलेलं हस्तलिखित नेणारं जहाज 1692 मध्ये फ्रेंचांनी बुडवलं. बटाव्हियात, म्हणजे आजच्या जकार्तात, कंपनीच्या गव्हर्नर जनरलने नक्कल करून ठेवली होती म्हणून ग्रंथ वाचला. पण कंपनीला मसाल्यांच्या बेटांची माहिती बाहेर जायला नको होती, आणि त्याचा वनस्पतींवरचा ग्रंथ 1741 पासून, म्हणजे तो गेल्यानंतर जवळजवळ चाळीस वर्षांनी, छापला जाऊ लागला. दरम्यान त्याच्या लिखाणातलं बरंचसं व्हॅलेंटाइनने आपल्या ग्रंथात वापरून टाकलं होतं.

या गुप्ततेमुळे एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. छापलं गेलं ते कंपनीला चालणारं, किंवा निदान न बोचणारं. जायफळाचं झाड या पुस्तकांत फार सुंदर येतं. ते झाड जिथलं, त्या बांदा बेटांवर 1621 मध्ये कंपनीचा गव्हर्नर जनरल यान पीटर्सझोन कून याच्या सैन्याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी जवळजवळ सगळी वस्ती संपवली. लोक मारले गेले, उपासमारीने मेले, गुलाम म्हणून नेले गेले. झाडाच्या चित्रातून ते कळायचा मार्ग नाही. किल्ले, बंदरं, वकिलाती, राजांचे दरबार आणि माल यांच्यावर चित्रांचा भर आहे, कारण पैसे देणाऱ्याला ते पाहायचं होतं.

ही पुस्तकं आज अखंड स्वरूपात फार महाग असतात. त्यामुळे व्यापारी ती फाडून एकेक पान विकतात, आणि बाजारात दिसणारी 'अँटिक प्रिंट' बहुधा अशीच आलेली असते. घ्यायचीच असेल तर काही गोष्टी तपासा. कागदावर चित्राभोवती पत्र्याच्या दाबाची बारीक चौकट उमटलेली हवी. चिंध्यांपासून केलेला तो जुना कागद उजेडासमोर धरला की आत समांतर रेघा दिसतात. रंगांची गोष्ट वेगळी आहे. छपाई काळ्या शाईची, रंग हातानेच भरायचे, आणि कित्येक पानांवर ते गेल्या पन्नास-साठ वर्षांत गिऱ्हाईक खूश व्हावं म्हणून भरलेत. जुना हिरवा तांब्यापासून केलेला असे. तो कागद खातो आणि पानाच्या मागे तपकिरी डाग उमटवतो. मागची बाजू स्वच्छ पांढरी आणि पुढे हिरवागार गोवा, तर रंग अलीकडचा असण्याची शक्यता मोठी.

नुसतं पाहायचं असेल तर खर्च करायची गरज नाही. राइक्सम्युझियमच्या संकेतस्थळावर विट्सनचा संच मोठ्या आकारात फुकट दिसतो. 'होर्टस'चे खंड बायोडायव्हर्सिटी हेरिटेज लायब्ररीत आहेत. लिन्सखोटेनची 1885 ची इंग्रजी आवृत्ती इंटरनेट आर्काइव्हवर मिळते. शोधताना मात्र डच कानाने ऐकलेली नावं वापरावी लागतात. वेंगुर्ला 'विंगुर्ला' होऊन डब्ल्यूखाली सापडतं, दाभोळ 'दाबुल' म्हणून, आदिलशहा 'इदालकाव' म्हणून, आणि महाराज 'सेवा गी' म्हणून.